चहूकडून रण : झाशीच्या जागेचे मोल कोणासाठी?

श्रीनगरहून कन्याकुमारीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ आणि पोरबंदरहून सिल्चरकडे जाणारा क्रमांक २७ हे देशातील दोन सर्वांत लांब महामार्ग झाशीजवळ एकमेकांना छेदतात. दिल्ली, भोपाळ, कानपूर आणि प्रयागराज या चार दिशांचे लोहमार्गही याच शहरात एकत्र येतात. शेजारीच बबिना येथे लष्कराची मोठी छावणी आणि रणगाड्यांच्या सरावाचे विस्तीर्ण मैदान आहे. उत्तर प्रदेशाच्या संरक्षण उद्योग पट्ट्याची घोषणा २०१८ मध्ये झाली, तेव्हा निवडलेल्या सहा केंद्रांत झाशीचा समावेश झाला. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी, राणी लक्ष्मीबाईंच्या जयंतीदिनी, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते येथे भारत डायनॅमिक्स लिमिटेड या सरकारी कंपनीच्या प्रकल्पाची पायाभरणी झाली. रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रांना लागणारी प्रणोदन यंत्रणा तयार करणारा हा प्रकल्प सुमारे ४०० कोटी रुपयांचा आहे.

झाशीला एवढे महत्त्व का, या प्रश्नाचे उत्तर नकाशाच देतो. मात्र हे महत्त्व झाशीकरांच्या वाट्याला किती येते, याचे उत्तर नकाशात सापडत नाही. हा भेद स्पष्ट करणारा एक शब्दप्रयोग चिनी भाषेत आहे आणि त्यामागचा इतिहास झाशीच्या संदर्भात वाचण्याजोगा आहे.

एक वाक्प्रचार, दोन सल्ले

मोक्याच्या ठिकाणाविषयी बोलताना चिनी भाषेत दोन शब्दप्रयोग विशेष रूढ आहेत. पहिला 'बिंगजिया बी झंग झी दी', म्हणजे युद्धनीती जाणणाऱ्याला ज्यासाठी झगडावेच लागते अशी भूमी. त्याचे मूळ सुन त्झूच्या युद्धशास्त्रावरील तेरा प्रकरणांच्या ग्रंथात शोधले जाते. या ग्रंथाच्या अकराव्या प्रकरणात भूमीचे नऊ प्रकार सांगितले आहेत. जी भूमी आपल्या हाती आली तर आपला लाभ आणि शत्रूच्या हाती गेली तर त्याचा, ती झगड्याची भूमी. त्याच यादीत आणखी एक प्रकार येतो, तो चव्हाट्याच्या भूमीचा. अनेक राज्यांच्या सीमा जेथे भिडतात आणि वाटा जेथे मिळतात, ते हे ठिकाण. तेथे तलवारीपेक्षा मैत्रीचे करार अधिक उपयोगी पडतात, असा सुन त्झूचा अभिप्राय आहे.

दुसरा शब्दप्रयोग 'सि झान झी दी' असा आहे. त्याचा शब्दशः अर्थ चारी दिशांनी लढाई असलेली भूमी. पहिल्यात जागेची किंमत सांगितली आहे, तर दुसऱ्यात त्या किमतीबरोबर येणारी आपत्ती.

या दुसऱ्या प्रयोगाची कथा इसवी सनापूर्वी २५१ या वर्षापर्यंत मागे जाते. चीन तेव्हा परस्परांशी लढणाऱ्या राज्यांत विभागलेला होता. नऊ वर्षांपूर्वी चांगपिंगच्या युद्धात झाओ राज्याचे सैन्य छिन राज्याने जवळपास नष्ट केले होते. उत्तरेकडील यान राज्याचा दूत ली फू झाओला जाऊन आला आणि त्याने आपल्या राजाला कळविले की, तेथील कर्ते पुरुष मारले गेले आहेत, मुले अजून वयात आलेली नाहीत, हल्ल्याची हीच वेळ आहे. राजाने युए ज्येन या सरदाराचे मत विचारले. त्याने विरोध केला. झाओ हे चारी बाजूंनी लढावे लागणारे राज्य असून तेथील लोकांना युद्धाची सवय आहे, असे त्याचे म्हणणे होते. राजाने ऐकले नाही. झाओचा वृद्ध सेनापती ल्येन पो याने यानच्या फौजेचा पराभव केला आणि पाठलाग करीत थेट यानच्या राजधानीला वेढा घातला. सिमा छ्येन या इतिहासकाराने हा प्रसंग नोंदविला आहे.

त्यानंतर सुमारे ४४० वर्षांनी तोच शब्दप्रयोग अगदी वेगळ्या तोंडी आला. इसवी सन १८९ मध्ये हान साम्राज्य ढासळत असताना शुन यू हा अधिकारी राजधानी सोडून आपल्या यिंगच्वान या प्रांती परतला. गावातील वडीलधाऱ्यांना त्याने सांगितले की, हा प्रदेश चारी दिशांच्या लढाईचा आहे, देशात काही बिघडले की फौजा येथूनच जाणार, तेव्हा लवकर निघा. मातीची ओढ असलेले गावकरी निघण्यास कचरले. शुन यू आपल्या कुळासह उत्तरेकडे गेला. पुढे दोंग झुओच्या सरदारांनी त्या भागात धाड घातली आणि मागे राहिलेल्यांपैकी बहुतेक जण मारले गेले किंवा धरून नेले गेले.

एकाच वाक्प्रचाराने दिलेले हे दोन सल्ले आहेत. पहिला राजाला, की या भूमीच्या वाटेला जाऊ नको. दुसरा गावकऱ्याला, की या भूमीवर राहू नको. राजाच्या दृष्टीने मोक्याची असलेली जागा रहिवाशाच्या दृष्टीने धोक्याची असू शकते, ही जाणीव भाषेतच मुरलेली आहे.

नारो शंकरांपासून ह्यू रोजपर्यंत

झाशीचा किल्ला ओरछ्याचे राजे वीरसिंह देव यांनी १६१३ मध्ये बांधला. ओरछा येथून १५ ते २० किलोमीटरच आहे. दक्षिणेकडून विंध्याच्या खिंडी ओलांडून यमुनेकडे जाणाऱ्या वाटेवर हे ठिकाण येते. दिल्ली येथून सुमारे ४००, भोपाळ ३००, ग्वाल्हेर १०० किलोमीटरवर. पुण्याहून उत्तरेत जाणाऱ्या मराठ्यांना अशा एका भक्कम थांब्याची गरज होतीच. १७२९ मध्ये महंमदखान बंगषाच्या वेढ्यातून छत्रसालांना सोडविल्यानंतर बाजीराव पेशव्यांना बुंदेलखंडात वाटा मिळाला. १७४२ मध्ये नारो शंकर यांनी झाशीत ठाणे बसविले. त्यांनी किल्ल्याचा विस्तार केला आणि खाली पेठ वसविली. आजची झाशी ही बव्हंशी त्या वसाहतीतून वाढलेली आहे. नाशिकच्या पंचवटीतील मंदिर आणि त्याची प्रसिद्ध घंटा यांमुळे मराठी वाचकांना हे नाव परिचित आहे. पानिपतच्या मोहिमेत दिल्लीचा बंदोबस्त सदाशिवरावभाऊंनी ज्यांच्याकडे सोपविला, तेही हेच नारो शंकर.

पुढे झाशीचा कारभार नेवाळकर घराण्याकडे आला. गंगाधररावांचे नोव्हेंबर १८५३ मध्ये निधन झाले आणि दत्तक नामंजूर करून कंपनी सरकारने १८५४ मध्ये संस्थान खालसा केले. हा इतिहास सर्वज्ञात आहे. त्यानंतरच्या चार वर्षांतील घटनाक्रम मात्र 'चारी दिशांच्या लढाई'च्या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे.

जून १८५७ मध्ये झाशीतील शिपायांनी उठाव केला आणि इंग्रजी अंमल संपला. राणींच्या हाती कारभार आला तो इंग्रजांशी युद्ध सुरू होण्यापूर्वी शेजाऱ्यांशीच लढण्यासाठी. ओरछ्याचा दिवाण नथेखान याने त्याच वर्षी झाशीला वेढा घातला. दतियाकडूनही धोका होता. राणींनी हे आक्रमण परतविले, परंतु मार्च १८५८ मध्ये दक्षिणेकडून सर ह्यू रोज आला, तेव्हा ओरछा आणि दतिया ही अगदी दाराशी असलेली दोन्ही संस्थाने इंग्रजांच्या बाजूला होती. बाणपूर आणि शहागडचे राजे राणींशी सहकार्य करीत होते, पण त्यांचा पाडाव रोजने वाटेतच केला. चव्हाट्याच्या भूमीला मैत्रीचे करार हवेत, हे सुन त्झूचे सूत्र येथे उलट्या बाजूने सिद्ध झाले. करार झाले, पण ते शत्रूशी.

झाशीच्या महत्त्वाची सर्वांत स्पष्ट साक्ष इंग्रजांच्याच एका निर्णयात आहे. तात्या टोपे यांनी तेव्हा चरखारीच्या राजाला वेढले होते. तो इंग्रजांचा मित्र. त्याच्या मदतीला प्रथम जावे, असा आदेश वरून आला होता. रोज आणि मध्य भारतातील राजकीय प्रतिनिधी सर रॉबर्ट हॅमिल्टन यांनी तो बाजूला ठेवला आणि झाशीवरच जाण्याचे ठरविले. झाशी मागे सोडून यमुनेकडे जाणे म्हणजे पाठीवर शत्रू ठेवणे, हा त्यांचा हिशेब होता. मित्राचा बळी गेला तरी चालेल, पण ही जागा प्रथम घ्यायची. 'झगडावेच लागते अशी भूमी' याचा याहून नेमका अर्थ सांगता येणार नाही.

२१ मार्चला रोज झाशीपुढे आला आणि घोडदळाच्या चौक्यांनी त्याने शहर चारी बाजूंनी कोंडले. १ एप्रिलला तात्या टोपे वीस हजारांवर फौज घेऊन बेतवेच्या काठी पोहोचले. वेढा न उठविता रोजने सुमारे दीड हजार सैनिकांनिशी त्यांचा पराभव केला. ३ एप्रिलला तट फुटला. ४ एप्रिलच्या रात्री राणी दत्तकपुत्रासह काल्पीकडे निघून गेल्या. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ त्यांना वीरमरण आले.

राणी गेल्या, पण शहर तेथेच होते. तट फुटल्यानंतर झाशीत जे घडले त्याचे मराठीतील सर्वांत मोलाचे वर्णन वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी लिहून ठेवले आहे. दक्षिणा मिळविण्यासाठी उत्तरेत गेलेला हा भिक्षुक वेढ्याच्या काळात झाशीतच अडकला होता. चिंतामण विनायक वैद्य यांनी संपादित केलेला त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. घराघरांत शिरलेले शिपाई, कत्तल आणि दिवसामागून दिवस चाललेली लूट यांचे त्यातील कथन हे सेनापतीच्या अहवालात न सापडणारे आहे. यिंगच्वानमध्ये मागे राहिलेल्या गावकऱ्यांची हकिकत लिहिणारे त्यांच्यात कोणी नव्हते. झाशीला निदान एक गोडसे भटजी लाभले.

किल्ल्याच्या बदल्यात किल्ला

यानंतरचा एक व्यवहार फारसा चर्चिला जात नाही. १८६१ मध्ये इंग्रजांनी झाशी शहर शिंद्यांना देऊन टाकले आणि जिल्ह्याचे ठाणे शेजारच्या नौआबाद येथे ठेवले. पंचवीस वर्षांनी, १८८६ मध्ये, त्यांनी ते परत घेतले. त्याच्या बदल्यात ग्वाल्हेरचा अजिंक्य मानला जाणारा किल्ला आणि मोरारची छावणी शिंद्यांच्या हवाली केली.

ग्वाल्हेरसारखा किल्ला सोडून झाशी घ्यावीशी का वाटली? वर्षांचा क्रम बोलका आहे. इंडियन मिडलँड रेल्वे कंपनी १८८५ मध्ये स्थापन झाली, आणि १८८९ च्या सुमारास इटारसी-भोपाळकडून ग्वाल्हेरकडे, तसेच कानपूर आणि माणिकपूरकडे जाणाऱ्या तिच्या मार्गांचे केंद्र झाशी झाले. डोंगरी किल्ल्यांचा काळ संपून रुळांचा काळ सुरू झाला होता. उंच कड्यापेक्षा सपाटीवरचे जंक्शन अधिक मोलाचे ठरू लागले होते.

चीनमध्येही हेच घडले. 'झगडावेच लागते अशी भूमी' म्हटले की चिनी वाचकाला हटकून आठवते ते शुझोऊ शहर. चार प्रांतांच्या सीमेजवळचे हे ठिकाण विसाव्या शतकात उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम लोहमार्गांचे जंक्शन बनले. १९३८ मध्ये जपानी फौजांशी आणि १९४८-४९ च्या हिवाळ्यात कम्युनिस्ट व राष्ट्रवादी सैन्यांत निर्णायक लढाया झाल्या त्या याच परिसरात. झाशीला विसाव्या शतकात असे युद्ध पाहावे लागले नाही, हे तिचे भाग्य.

रेल्वेने झाशीला एक गोष्ट मात्र दिली, जी सैन्यांच्या येण्याजाण्याने कधी दिली नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे डब्यांच्या दुरुस्तीचा मोठा कारखाना उभा राहिला. पिढ्यानपिढ्या फिटर, लोहार, सुतार यांना त्यात काम मिळाले. जंक्शनवरून गाड्या निघून जातात, कारखान्याचा पगार गावात राहतो. आजच्या संरक्षण पट्ट्याची परीक्षा करताना हा भेद लक्षात ठेवावा लागेल.

सीमेपासून दूर, म्हणून मोलाची

रणगाड्यांच्या दलाचे ठाणे सीमेपासून इतके आत का, असा प्रश्न सामान्य वाचकाला पडतो. प्रहार करणारे दल कोणत्याही एका आघाडीशी बांधून न ठेवता, जेथून चारी दिशांना रुळावरून हलविता येईल अशा ठिकाणी ठेवणे, हे त्यामागचे तत्त्व आहे. झाशी-बबिना परिसरातील चिलखती दल भोपाळच्या सुदर्शन चक्र कोअरमार्फत पुण्यात मुख्यालय असलेल्या दक्षिण विभागाशी जोडलेले आहे. दारूगोळा आणि क्षेपणास्त्रांच्या कारखान्यांनाही हाच न्याय लागू होतो. गलवानच्या २०२० मधील संघर्षानंतर देशांतर्गत शस्त्रनिर्मितीवरील भर वाढला आणि सीमेपासून दूर असलेल्या, पण वाहतुकीने जोडलेल्या जागांची किंमतही वाढली. मोक्याची जागा म्हणजे पूर्वी आघाडीवरची खिंड असे, आता ती पिछाडीवरचे कोठार झाली आहे.

तरीही सहाही केंद्रांची वाटचाल सारखी नाही. लखनौ येथे ब्राह्मोस क्षेपणास्त्रांच्या जुळणी व चाचणी केंद्राचे ११ मे २०२५ रोजी उद्घाटन झाले. राजधानी, विमानतळ, तंत्रशिक्षणाच्या संस्था या साऱ्यांचा लाभ लखनौला मिळतो. झाशीचे केंद्र शहरापासून दूर, गरौठा तहसिलीत, बेतवेच्या बाजूला आहे. जुलै २०२२ मध्ये खुला झालेला २९६ किलोमीटरचा बुंदेलखंड द्रुतगती मार्ग चित्रकूटहून इटावाकडे जातो. या मार्गाचे नाव बुंदेलखंडाचे, पण बुंदेलखंडातील सर्वांत मोठे शहर झाशी त्याच्या वाटेवर नाही. जोडरस्त्याचा प्रस्ताव नंतर पुढे आला.

थांबलेल्या गाड्या, अडलेली माणसे

झाशीच्या जागेचा लाभ आणि झाशीकरांचे जीवन यांतील अंतर दोन प्रसंगांनी देशाला दाखवून दिले. पहिला मे २०१६ मधला. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेण्यात आले होते, हे महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. त्याच धर्तीवर तहानलेल्या महोब्यासाठी केंद्राने पाण्याच्या वाघिणी झाशीला पाठविल्या. त्या रिकाम्या निघाल्या. आपल्याला गाडी नको, पाणी वाहण्यासाठी टँकर हवेत, अशी भूमिका तेव्हाच्या राज्य सरकारने घेतली. दोन सरकारांचा वाद रंगला आणि वाघिणी झाशीच्या यार्डात उभ्या राहिल्या. चार दिशांचे रूळ असलेल्या गावात पाणी मात्र कोणत्याच दिशेने आले नाही.

दुसरा प्रसंग मे २०२० मधला. टाळेबंदीत महाराष्ट्र आणि गुजरातमधून गावी परतणाऱ्या हजारो मजुरांना झाशी-शिवपुरी मार्गावरील रक्सा नाक्यावर, राज्याच्या हद्दीवर, अडविण्यात आले. त्यांपैकी बहुतेकांना झाशीत काहीच काम नव्हते. पण मुंबईहून पूर्व उत्तर प्रदेशाकडे जाणारी एक प्रमुख वाट येथूनच जाते. त्या गर्दीत बुंदेलखंडातले लोकही होतेच. दर दुष्काळाला हा प्रदेश आपली माणसे बाहेर पाठवितो. २००९ मध्ये दोन्ही राज्यांतील तेव्हाच्या तेरा जिल्ह्यांसाठी ७,२६६ कोटी रुपयांची विशेष योजना मंजूर झाली. तिच्यातून विहिरी, बंधारे आणि बाजारांचे गाळे उभे राहिले. स्थलांतर मात्र त्यानंतरही थांबले नाही, याची साक्ष रक्सा नाक्याने दिली.

येथे पुन्हा सुन त्झूच्या चव्हाट्याच्या भूमीकडे यावे लागते. झाशी जिल्हा उत्तर प्रदेशात असला तरी तो मध्य प्रदेशात खोल घुसलेला आहे. बेतवेचे पाणी दोन्ही राज्यांचे आहे. त्यामुळे येथील मूळ प्रश्न, म्हणजे पाण्याचा, कोणत्याही एका लखनौला किंवा भोपाळला सोडविता येत नाही. केन-बेतवा जोडप्रकल्पाचा पहिला सामंजस्य करार २००५ मध्ये झाला. अंमलबजावणीचा त्रिपक्षीय करार होण्यास २२ मार्च २०२१ उजाडला आणि पायाभरणी २५ डिसेंबर २०२४ रोजी खजुराहो येथे झाली. पन्ना व्याघ्र प्रकल्पातील जंगल बुडण्याचा आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर अद्याप मिळालेले नाही. परंतु करारास लागलेली सोळा वर्षे ही केवळ पर्यावरणाच्या वादामुळे गेली नाहीत. पाण्याच्या वाट्यावरून दोन्ही राज्यांचे जुळत नव्हते. ओरछा आणि झाशी यांच्यातील १८५७ चे वैर आता जलसंपदा खात्यांच्या पत्रव्यवहारात उतरले आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण शेजाऱ्याशी जुळवून घेतल्याखेरीज या भूमीचे भागत नाही, हे तेव्हाही खरे होते.

दरम्यान, २०२३ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने बुंदेलखंड औद्योगिक विकास प्राधिकरणाची स्थापना केली. नोएडानंतर सुमारे ४७ वर्षांनी राज्यात असे नवे औद्योगिक शहर उभारले जाणार असून, त्यासाठी झाशी जिल्ह्यातील ३३ गावांची जमीन निवडण्यात आली. निवडीचे कारण पुन्हा तेच, दोन महामार्ग आणि चार लोहमार्ग.

ज्यांची जमीन जाणार आहे त्यांना या जागेचे मोल आता रुपयांत कळू लागले आहे. कोरडवाहू एकराला पूर्वी कोणी विचारत नसे, तेथे आता खरेदीखते होत आहेत. मिळालेली रक्कम किती काळ पुरेल आणि कारखान्यांच्या दारात स्थानिक तरुणांना फिटर म्हणून प्रवेश मिळेल की पहारेकरी म्हणून, हे तंत्रशिक्षणाच्या सोयी किती लवकर उभ्या राहतात यावर ठरेल. जमीन आधी घेतली जाते, शिक्षणसंस्था मागाहून येतात, असा इतर औद्योगिक वसाहतींचा अनुभव आहे. महाराष्ट्रातील अनेक गावांना तो नवा नाही. शुन यूच्या गावकऱ्यांपुढे राहावे की जावे एवढाच प्रश्न होता. झाशीच्या ३३ गावांत तो सातबाऱ्याचे तेथील भावंड असलेल्या खतौनीवर, एकेका नावापुढे, सध्या नोंदविला जात आहे.